पळालेल्या राजाचा कप

अण्णा, तुमच्या चिठ्ठ्या मी धुवून टाकल्या. आधी तेवढं सांगते, मग काय ओरडायचं ते ओरडा. नात लिहून घेतेय, कारण माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे. अंगठा.

तुमची पत्र्याची ट्रंक अजून माझ्यापाशी आहे, खराडीला, लेकाच्या फ्लॅटमध्ये. जुन्या बाजारात तुम्ही पथारी टाकायचात आणि मी शेजारी बसायचे. इंग्रज गेले होते, कॅम्पातले बंगले रिकामे होत होते, आणि त्यांच्या राजांच्या राज्याभिषेकाचे कप, पदकं, चॉकलेटचे डबे तुमच्याकडे येत होते. बाकी सगळं विकायचात, हे तेवढं घरी आणायचात. आई म्हणायची, "राजा गेला एकदाचा, आणि हे त्याची भांडी आणतायत!" तुम्ही हसून चिठ्ठी लिहायला बसायचात. कुठल्या बंगल्यातून आलं, देताना कोण काय बोललं. लिहायचं, मोठ्यानं वाचायचं आणि खळ लावून बुडाशी चिकटवायचं. एका कपावरचा राजा तर बाईपायी गादी सोडून पळालेला. राज्याभिषेक झालाच नाही, कप मात्र आधीच तयार. "राजा पळाला, कप राहिला," म्हणत तो तुम्ही माझ्या हातात दिलात.

गेल्या रविवारी सदाशिव पेठेतले एक गृहस्थ ट्रंक बघायला येणार होते. असल्याच वस्तू जमवतात. सगळं एका कपाटात एकत्र ठेवीन, म्हणाले होते. आता मुलगी दाखवायची तर तोंड धुवायला नको? शनिवारी मी टब भरला. पदकांना चिंच लावली, कप साबणात भिजत घातले. बुडाला कागद होते. इतक्या वर्षांत तुमच्या चिठ्ठ्या विसरूनच गेले होते; वाटलं, गुंडाळलेलं वर्तमानपत्र चिकटलं असेल. मला सगळे कागद सारखेच. अंगठ्यानं खरवडून काढले अण्णा, आणि वर स्वतःला शाबासकी दिली.

गृहस्थांनी कप उलटा केला. "आजी, इथं काही लावलेलं होतं का?"

"होतं की. काढलं. चकचकीत झालाय ना?"

त्यांनी बुडावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "असे कप मला कुठंही मिळतील हो. हा कुणाच्या घरातला, हे सांगणारा कागद कुठं मिळणार?" जाताना म्हणाले, "विचार करून कळवतो." पुण्यात त्याचा अर्थ काय, ते तुम्हाला सांगायला नको. दार लागल्यावर लेक म्हणाला, "येत्या रविवारी भंगारवाल्याला बोलावतो. घरात पाय ठेवायला जागा नाही."

आज शुक्रवार. सकाळपासून एकेक वस्तू हातात घेऊन बसलेय. तुमचा आवाज ऐकू येतो, खोकल्यासकट येतो, शब्द काही येत नाहीत. दाढीवाल्या राजाचा डबा कुणी दिला, मडमेनं की तिच्या खानसाम्यानं? हे पदक कुणाच्या पोराचं? एक तरी सांगा हो. स्वप्नात या, एरवी नको तेव्हा येता. नात म्हणते, "आजी, आपण काहीतरी लिहून चिकटवू ना. कुणाला कळणारे?" मी म्हटलं, "मला." तुमच्या हातचं अक्षर जगात तेवढंच उरलं होतं, अण्णा, आणि ते मी मोरीत सोडलं.

परवा लेक चिडून म्हणाला, "आजोबांनी तुला शाळेत घातलं असतं तर ही वेळ आली नसती." मी मान डोलावली. जन्मभर डोलावत आलेय. सासरी, शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं, बापानं शिकवलं नाही.

तुम्ही पाटी आणली होतीत. रोज संध्याकाळी त्याच चिठ्ठ्यांवर माझं बोट ठेवून 'वाच' म्हणायचात, आणि मी हात सोडवून पळायचे. तो कप मला त्याचसाठी दिलात. "घे, पळपुट्यांचा राजा. तुझाच."

हे पत्र कुठं धाडणार? त्याच कपात घालून ठेवते. नातीचं पेन थांबलंय. लिही म्हटलं, हेसुद्धा लिही. तिनं लिहिलं की नाही, मला कुठं कळतंय.