रॉयसच्या हाती आलेला सामना

८ डिसेंबर

व्हिटेकर गेला! कालच तर बाउलचं निमंत्रण आलं. किती वर्षांनी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला मोसमानंतरचा हा मानाचा सामना मिळाला! पोरं नाचत होती. आणि आज हा मुख्य कोच टीव्हीवर, दुसऱ्याच कॉलेजची टोपी घालून हसतोय. "आपण एक कुटुंब" म्हणणारा! पोरांना बातम्यांतून कळलं.

दुपारी क्रीडासंचालक हॅगर्टीने माझ्या नवऱ्याला, सहायक कोच रॉयसला, बोलावलं. "सामन्यापुरता संघ तू सांभाळ." घरी येईपर्यंत रॉयस 'सामन्यापुरता' विसरून गेला होता.

१० डिसेंबर

टेव्हियनही दुसऱ्या कॉलेजात चालला. आमचा क्वार्टरबॅक, सगळा खेळ त्याच्यावर. दारात उभा राहून रडला. "मिस नेल, कोचना सांगा, त्यांच्यावर माझा राग नाही." ओव्हनमधून काढलेल्या पेकान पायचा गोड तुकडा बांधून दिला. दुसरं काय देणार?

१३ डिसेंबर

रोज कोणी ना कोणी जातंय. सरावाला समोरासमोर दोन फळ्या उभ्या राहत नाहीत.

जेवताना रॉयस म्हणाला, "जिंकलो तर ठेवतील मला. ठेवावंच लागेल, नेल!" जन्मभर दुसऱ्यांच्या हाताखाली पुढच्या फळीतले लाइनमन घडवले याने. गाव बदल, घर बदल. मी मान हलवली. कोरिन ताटातच बघत होती. मग म्हणाली, "आई, मी आता शाळा बदलणार नाही. सांगून ठेवते."

१८ डिसेंबर

आज चूल पेटवली नाही. रॉयस उशिरा आला, कोरिन खोलीतच; जेवणाचं कोणी विचारलंही नाही.

२० डिसेंबर

दुकानात रताळी निवडत होते. हॅगर्टीची बायको पॅम जवळ आली. "नेल, त्या नव्या माणसाचं ऐकून वाईट वाटलं गं." कुठला नवा माणूस? तिने तोंडावर हात ठेवला. मग सगळंच सांगितलं. ओहायोचा कोणी तरुण कोच. आपली माणसं घेऊन येणार, जुन्यांपैकी कोणालाच ठेवणार नाही. सामना झाला की जाहीर करतील.

रताळी तशीच टाकून आले. रॉयस न्हाणीघरात शीळ घालत होता.

सांगू? सांगितलं तर पोरांसमोर कोणत्या तोंडाने उभा राहील? नाही सांगितलं तर? देवा, मला हे ऐकवलंस कशाला!

२५ डिसेंबर

घरी न गेलेली पोरं जेवायला आली. लमॉन्ट एकटाच अर्धं हॅम संपवून वर विचारतो, "कोच, मी आहारावर आहे, दिसतंय ना?" रॉयस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मी मक्याचा ब्रेड बघायच्या निमित्ताने आत गेले. बराच वेळ आतच राहिले.

२८ डिसेंबर

श्रीव्हपोर्टला सामना. बोचरा पाऊस, अर्धी गॅलरी रिकामी. आमच्याकडे उरलेली मूठभर पोरं, क्वार्टरबॅक तर नवशिका. तरी पोरं अशी भिडली की बघवेना. शेवटी आम्ही एका गुणाने पुढे, आणि त्यांची किक! खांबांमधून गेली असती तर संपलंच होतं. लमॉन्टने हात उंचावून चेंडू अडवला.

जिंकलो!

पोरांनी रॉयसच्या डोक्यावर बर्फाचं पाणी ओतलं, त्याला खांद्यावर घेतलं. तिथून तो मला शोधत होता. मी हात हलवला. टाळ्या वाजवल्या. इतका खोटा चेहरा आयुष्यात केला नव्हता.

२९ डिसेंबर

नाश्त्याला हॅगर्टीचा फोन आला. रॉयस बोलून परत आला, बिस्किटाला लोणी लावू लागला. मला रडूच फुटलं. "रॉयस, मला आधीच माहीत होतं रे. पॅमने सांगितलं होतं."

"मलाही होतं. पॅमने तुला सांगितलं, त्याच्याही आधीपासून." मग म्हणाला, "मला कळलं त्याच दिवशी पोरांनाही सांगून टाकलं. जिंकलो तरी मी जाणार आहे, ज्याला घरी जायचं त्याने आत्ताच जा."

"मग?"

"एकही उठला नाही, नेल."