पाठ टेकली का?

१४ ऑगस्ट ५६, मंगळ. अमरावती
नागपंचमीची कुस्त्यांची दंगल होऊन तीन दिवस झाले, तरी घरातून लाल माती निघतेच आहे. ह्यांच्या लंगोटातून, बादलीतून, उंबऱ्याशी. शाळेतून आल्यावर केर काढला. पुन्हा काढला. डोकं दुखतंय.
अण्णा अकोल्याहून आला होता, कोर्टाच्या कामाला. बहिणीकडे जेवायला थांबला. वकिली कमी पडते म्हणून की काय, आता क्रीडा समितीवरही घेतलंय त्याला. वरण वाढताना सांगितलं त्याने, सहज सांगावं तसं : शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांमधून कुस्ती काढायचं घाटतंय. दरवर्षी भांडणं होतात, माती आणावी लागते, पोरं फुटक्या कानांनी घरी जातात नि बाप तक्रार घेऊन येतात. त्यापेक्षा व्हॉलीबॉल बरा.
ह्यांचा घास थांबला नाही. "काढून टाका म्हना," एवढंच. माझं मात्र जेवण गेलं नाही.

१६ ऑ., गुरु.
स्पर्धेत कुस्ती नसेल तर संस्थेला ह्यांच्यासारखा कुस्तीचा मास्तर कशाला हवा? सरळ आहे. मग हे चांदूर रेल्वेला, थोरल्या भाऊजींच्या शेतावर. आणि मी इथे राजापेठेत एकटी, नाहीतर नोकरी सोडून त्यांच्यामागे. लग्नानंतर सगळ्यांची बोलणी खाऊन ट्रेनिंग केलं, तेव्हा कुठे ही शाळा मिळाली. ती सोडून मी जाईन असं कोणी धरून चाललं असेल तर
दूध उतू गेलं. पुढचं राहिलं.

१९ ऑ., रवि.
अण्णा पुन्हा. बरोबर इंग्रजी पुस्तक, नागपूरहून कोणाकडून तरी मिळवलेलं. ऑलिंपिकच्या कुस्तीचे नियम. म्हणाला, यंदा मेलबर्नला ऑलिंपिक आहे, तिथे कुस्ती आहे, म्हणून इथेही हवी, एवढं एकच म्हणणं समितीपुढे टिकेल. पण मग कुस्ती त्यांच्या नियमांनी, गादीवर.
हे म्हणाले, "आमची कुस्ती काय ऑलिंपिकवाल्यायले इचारून सुरू झाली होती काय?"
अण्णा हसला. "मले इचाराल पाहुने, तर तिथं बी ठेवू नये कुस्ती. धावन्यात कोन पुढं ते लेकराले बी कळते. कुस्तीत कोन जितलं ते तीन पंचायले इचारा लागते."
"मातीत कोनालेच इचारा लागत नाई. पाठ लागली का झालं."
असा तासभर. माझा भाऊ ज्याच्यासाठी भांडणार त्यावर त्याचाच विश्वास नाही, आणि ज्याच्यासाठी भांडायचं त्याला भांडणच नको. मी मधे चहा करतेय. वैताग.

२३ ऑ., गुरु.
वह्या तपासून झाल्या की पुस्तक. मी वाचते, मराठीत सांगते, हे दंडाला तेल चोळत ऐकतात. वजनाप्रमाणे जोड्या, हे पटलं. ठरलेल्या वेळेत कुस्ती, हे नाही पटलं. "घड्याळ पाहून कोनी पडते काय?"
मला तरी कुठे पटतंय सगळं. पण कोणीतरी वाचायला हवं ना.

२६ ऑ., रवि.
आज एक नियम वाचला आणि थांबलेच. डाव टाकतानासुद्धा आपले दोन्ही खांदे गादीला लागले, अगदी लोळत जाताना क्षणभर लागले, तरी आपण पडलो. मग भले उठताना आपण वर असू.
हे हसले. पोट धरून हसले. "म्हंजे मी कलाजंग टाकली का मीच पडलो?"
कलाजंग म्हणजे ह्यांचा हुकमी डाव. समोरच्याला खांद्यांवर घ्यायचं, स्वतः पाठीवरून लोळण घ्यायची. लोळण संपते तेव्हा तो खाली, हे वर. तेवढं पाहायला बडनेऱ्याहून माणसं येतात.
"असंच लिहिलंय," म्हटलं.
"तू उलटं वाचून राहिली."
परत वाचलं. तेच. "बरं बाप्पा," म्हणाले आणि जोर काढायला गेले. मी फार ताणलं नाही असं नाही. तीनदा म्हटलं. शेवटी "मास्तरीनबाई, मी तुमच्या वर्गात नाई," असं ऐकून घेतलं.

४ सप्टें., मंगळ. पोळा
समितीचं ठरलं. मत द्यायच्या आधी एक कुस्ती बघायची आहे त्यांना, गादीवर, पुस्तकाच्या नियमांनी. अकोल्याला, २३ तारखेला. लढणार कोण? हेच. ह्या वयात. समोर पलटणीतून रजेवर आलेला एक जण आहे, तो म्हणे तिकडे गादीवरच शिकला.
पितृपक्षात येतेय तारीख. पितरांनाही दाखवायची असेल.
पुरणाच्या पोळ्या केल्या. ह्यांनी मोजून खाल्ल्या. वजन बघायचंय म्हणे. इतकी वर्षं दूध-बदाम आटवून आता वजन.

१५ सप्टें., शनि.
मुख्याध्यापिकाबाईंकडे २४च्या सोमवारची रजा मागितली. "कुस्ती बघायला? तुम्ही?" हो बाई, मी. वर आणखी काही म्हणाल्या, ऐकलं नाही. फार थकलेय.
ह्यांना सकाळी म्हटलं, कलाजंग नका टाकू तिथे. साधा पायांचा पट काढा, काहीही करा. मान हलवली. ही मान मी ओळखते.

२३ सप्टें., रवि. अकोला
कुस्ती झाली. अण्णाकडे आहे. हे बाहेर पडवीत बसलेत, चहाही नको म्हणतात. लिहून टाकते, नाहीतर उद्या मीच वेगळं काही आठवेन.
शाळेच्या मैदानावर मांडव. गाद्या कुठल्या, तर एका जिनिंगवाल्याने कापूस भरून शिवून दिलेल्या, वर ताडपत्री ताणलेली. अकोल्यात कापसाला काय तोटा. हे पहिल्यांदा वर चढले आणि सवयीने खाली वाकले, माती उचलून अंगाला लावायला. हातात ताडपत्री आली.
बायकांत मी आणि वहिनी दोघीच, बाजूच्या खुर्च्यांवर. पंच नागपूरचे.
पोरगा चपळ होता. हे संथ. थोडा वेळ नुसती झोंबाझोंबी. मग ह्यांनी त्याला उचलला. लोक उभे राहिले. मी मनात म्हटलं, नको. नको हो. त्यांनी लोळण घेतली, खांदे टेकले, मला स्वच्छ दिसलं, आणि पोराला खाली घेऊन हे वर आले. मैदान नुसतं पेटलं. शिट्ट्या, फेटे हवेत. ह्यांनी दोन्ही हात वर केले.
पंचांनी हात वर केला तो पोराचा.
ह्यांना कळलंच नाही आधी. हसतच होते. मग म्हणाले, "मी वर हावो ना? पाहा ना, मी वर हावो." दोनदा. लोक गादीवर चढायला लागले. अण्णा मधे पडला, काळा कोट फाटला त्याचा. तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. भर मैदानात. "तिले इचारा. पुस्तक तिनं वाचलं हाय. सांग वो यायले."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीचे बंद घट्ट धरले होते. पंच बरोबर आहेत म्हणवेना, नवरा बरोबर आहे म्हणवेना.
ह्यांनी हात खाली घेतला. तो बोट केलेला हात.

२४ सप्टें., सोम.
परत अमरावतीला. बडनेऱ्याला गाडी बदलताना फलाटावर कोणीतरी ओळखलं. "पहिलवान, तुमीच जितले, आमी पायलं ना." ह्यांनी माझी वळकटीही उचलली, स्वतःचीही.

२९ सप्टें., शनि.
पाच दिवस तालमीत गेले नाहीत. सकाळी उठून अंगणात नुसते बसतात. जेवायला वाढते, जेवतात. तुरीच्या वरणात मीठ घालायचं मी विसरले, तेही खाल्लं. मला रडू आलं. मीठ मागितलं असतं तर बरं वाटलं असतं.
कुस्ती राहावी की जावी, मला आता खरंच काही वाटत नाही. मेलबर्नात राहो, अकोल्यात राहो. माझ्या घरातून हा माणूस जाऊ नये.

३ ऑक्टो., बुध.
अण्णा येऊन गेला. समितीची सभा रविवारी. मैदानावर गोंधळ झाला म्हणून अर्धे विरोधात गेले. आणि कुस्ती बघायला एवढे लोक आले म्हणून अर्धे बाजूने. अण्णाचं मत ज्या बाजूला पडेल ते होणार.
"तू कोणत्या बाजूचा?" विचारलं.
"सुमे, कुस्ती राहिली तर गादीवरचीच राहीन. मंग गादीची शिकवनारा लागन. हे शिकतीन काय? तेवढं सांग मले, मी हात वर करतो." मग कोट काढून माझ्या हातात देत, "त्यायच्या डावात चूक नाई काई. मले बी वाईट वाटलं."
अण्णाला वाईट वाटलं. कोटाला ठिगळ लावून दिलं मी.
हे आतल्या खोलीत होते. ऐकलं असणार. भिंती काय आमच्या.

५ ऑक्टो., शुक्र.
घटस्थापनेची सुट्टी. दुपारी वाती वळत बसले होते. हे आले, खोलीतली गादी ओढून मधोमध टाकली. दुसरी तिच्यावर. म्हटलं, ऊन द्यायचंय का?
"ते वाच परत."
वाचलं. ह्या वेळी शेवटपर्यंत ऐकलं.
"तिथं तुले दिसलं होतं?"
"दिसलं होतं."
"मंग बोलली कावून नाई?"
म्हटलं, तुम्ही हात वर केले होते.
मग गादीवर बसले, मला जवळ बोलावलं. "इथं हात ठेव. उताना. मी लोयन घेतो, पाठ लागली का सांग. खोटं सांगू नोको."
तळहात गादीवर ठेवला. हे माझ्या हातावरून लोळत गेले, सबंध अंगाचा भार. बांगडी रुतली.
"लागली?"
"लागली."
मान वाकवून, खांदा आत घेऊन पुन्हा.
"लागली."
"हं."
पुन्हा. पुन्हा. लहान मुलाला बाराखडी गिरवायला बसवतात तसं चाललं होतं. घामाने गादी ओली झाली. बांगड्या काढून ठेवल्या मी, वाती राहिल्या तशाच. एकदा फक्त एकच खांदा लागला असं वाटलं, मी तसं म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खरं सांगते आहे का ते बघायला.
"आखीन एक डाव."
हळू, अगदी हळू घेतली ह्या वेळेला. पालथे होऊन थांबले, तोंड गादीत, धापा टाकत.
"आता?"
माझी बोटं बधिर झाली होती. काही कळलंच नाही.
"परत घ्या," म्हटलं.