नोंदणीकृत रहिवासी

११ नोव्हेंबर

सभागृहात एसी इतका गार की बोटं वाकत नाहीत. सगळे कोट घालून, हात चोळत बसलेत आणि चर्चा कशाची, तर उष्ण प्रदेशातल्या जंगलांची!

सकाळपासून एकाच परिच्छेदावर गाडं अडलंय. बाकी करार जमल्यात जमा. आम्ही जंगलवाल्या देशांनी जंगल तोडायचं नाही, श्रीमंत देशांनी त्यासाठी निधी द्यायचा, आणि त्यातून जंगलातल्या माणसांच्या पोटापाण्याची सोय व्हायची. हा शेवटचा भाग माझा. राळ, वेत, मध गोळा करणाऱ्यांना जंगलातच राहण्याचा हक्क. पडद्यावर माझा परिच्छेद दिसतोय, पण अख्खाच्या अख्खा कंसात. कंसात म्हणजे कुणालातरी मान्य नाही. ते कुणीतरी म्हणजे समोरच्या टेबलावरची लाल पेन. तिचं खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर आहे, पण आमच्यात ती लाल पेनच. दिसेल त्या शब्दाखाली रेघ ओढते.

साहेब म्हणजे आमच्या शिष्टमंडळाचे प्रमुख. दिवसभर डोळे मिटून बसले होते. झोपले असं वाटतं, पण एक शब्द निसटत नाही त्यांच्या कानातून.

१२ नोव्हेंबर

अक्का पोचल्या. विमानात एक क्षण डोळा लागला नाही म्हणे. खुर्ची मागे जाते हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून रागावल्या होत्या.

अक्का राळ गोळा करणाऱ्यांच्या संघाच्या प्रमुख. त्यांची वस्ती जंगलात आत, आणि त्या जंगलाचा वनाधिकारी माझा सख्खा दादा. त्यानेच आमची गाठ घालून दिली होती. अक्कांच्या ओसरीवर चहा घेतल्याशिवाय त्याची फेरी पुरी होत नाही. अक्का त्याला ‘टोपीवाले’ म्हणतात, तोंडावर.

आज त्यांना परिषदेपुढे बोलायचं होतं. मी किती आशेने बघत होते! पण कानावरचा हेडफोन सारखा घसरायचा, दुभाषी मध्येच थांबायचा. अक्का गडबडल्या. रानाबद्दल बोलायचं सोडून म्हाताऱ्याच्या गुडघ्याबद्दल बोलत बसल्या. म्हातारा म्हणजे त्यांचा नवरा. गुडघ्याने चालवत नाही, तरी झाडापाशी बसून राळ साफ करतो, बाहेर नेलं तर त्याला कामच उरणार नाही, असं काहीसं. वेळ संपली, माइक बंद. टाळ्या पडल्या. लाल पेन मोबाइलमध्ये होती.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, वाट लावली ना गं मी? मी नाही म्हटलं. त्यांना पटलं नाही. मलाही.

१४ नोव्हेंबर

झालं.

दुपारी लाल पेन कॉफीच्या यंत्रापाशी आली. म्हणाली, परिच्छेदातले कंस काढायला ती तयार आहे. फक्त ‘रहिवासी’ या शब्दाआधी ‘नोंदणीकृत’ घाला. तिच्या सरकारला निधीचा हिशोब द्यावा लागतो. जंगलात कोण राहतं याची नोंदच नसेल तर कुणीही उद्या घुसून बसेल.

मी साहेबांकडे धावले. म्हटलं, आपल्या जंगलात कुणाचीच नोंद नाही. हा शब्द आत गेला तर कायद्याने तिथे माणूसच राहत नाही असा अर्थ होतो.

त्यांनी डोळे चोळले. चिडले नाहीत. या परिषदांमध्ये केस पांढरे झालेत त्यांचे.

“नोंदणी कोण करणार? आपणच ना? परत गेलो की पहिलं काम ते. अख्खं जंगल वाचतंय. एका विशेषणासाठी घालवू नकोस.”

मी अक्कांना शोधलं. त्या खालच्या मजल्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. समजावून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, नोंद करायला माणूस वस्तीवर येईल का, की म्हाताऱ्याला उचलून शहरात आणावं लागेल? येईल म्हटलं. मग घाल, म्हणाल्या.

मी परत वर गेले आणि शब्द घातला. माझ्या हाताने टाइप केला. कंस गेले.

१५ नोव्हेंबर

करार मंजूर. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. कुणी कुणाला मिठ्या मारत होतं. मीही रडले. दादाला फोन केला, तर तोही गहिवरला. जंगल आता सुटलं, म्हणाला.

९ डिसेंबर

नोंदणीचा प्रस्ताव मंत्रालयात गेला. आज विचारलं, तर कुठल्या खात्याने नोंदणी करायची हे ठरायचंय. वन खातं म्हणतं महसूल, महसूल म्हणतं वन. एकमेकांच्या गळ्यात मारणं चाललंय. साहेब म्हणाले, धीर धर.

२२ जानेवारी

काही नाही. रोज तोच जिना, तेच उत्तर.

१८ फेब्रुवारी

निधी देणाऱ्यांचं पाहणी पथक पुढच्या महिन्यात येतंय. जंगल बघून, पटलं तर पहिला हप्ता. खालच्या कचेऱ्यांत सगळीकडे धावपळ. पाट्या रंगवणं चाललंय.

साहेबांना मी विचारलं, नोंदणीशिवाय पथक आलं तर वस्त्यांचं काय? म्हणाले, वरच्या पातळीवर विचार सुरू आहे. त्यांच्या तोंडून ही भाषा मी पहिल्यांदा ऐकली. आजवर ती आम्ही परक्यांशी बोलायचो.

६ मार्च

वहिनीचा फोन. आवाज खाली गेलेला. दादा दोन घास खाऊन उठतो, कुणाशी बोलत नाही. त्याला वस्त्या खाली करण्याचा आदेश आलाय.

लगेच दादाला फोन लावला. आधी उचलला नाही. मग उचलला. मी बरंच बोलले. थांब, सही करू नको, सुटीवर जा, आजारी पड, काहीही कर. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“धाकटे, आदेशात तुझ्याच करारातलं वाक्य आहे. वाचून दाखवू?”

नको म्हटलं.

तो म्हणाला, त्याने नाही केलं तर दुसरा कुणी येईल आणि लाठ्या घेऊन येईल. त्यापेक्षा आपल्या ओळखीचा माणूस बरा.

हे वाक्य तर माझंच आहे. त्या दिवशी शब्द टाइप करताना मी मनात हेच म्हणत होते.

१० मार्च

वस्त्या उठवल्या. लाठी चालली नाही. दादाने स्वतः प्रत्येक घरी जाऊन सांगितलं म्हणे. अक्कांनी त्याला चहा दिला नाही.

१३ मार्च

मंत्रालयात रजा टाकून जंगलाकडे गेले.

जंगलाच्या तोंडाशी आता लोखंडी फाटक आहे. त्याच्या अलीकडे एक बंद पडलेलं लाकडाचं गोदाम, त्यात सगळ्यांना ठेवलंय. वर पत्रे. उन्हाने आत भट्टी झालेली. एका नळावर सगळ्यांची रांग. पूर्वी चोरून तोडलेले ओंडके जप्त करून इथे ठेवायचे. जमिनीवर अजून भुसा आहे, पोरं त्यात खेळत होती, खोकत होती.

अक्कांनी मला ओळख दाखवली नाही. मी जवळ जाऊन बसले. म्हातारा भिंतीला टेकून होता. धाप लागलेली. त्याला वाटत होतं मी डॉक्टर आहे. मनगट पुढे केलं. मी धरलं, काय करणार!

नोंद करणारा माणूस अजून आला नाही, असं शेवटी अक्काच बोलल्या. टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या, कधी येईल?

१४ मार्च

डॉक्टरला घेऊन गेले. त्याने म्हाताऱ्याला शहरातल्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. गाडीची व्यवस्था केली. म्हातारा ऐकेना. आधीच एकदा गाडीत घालून आणलंय, आता पुन्हा नाही.

दादा फाटकापाशीच्या चौकीत होता. मला बघून उठला, खुर्ची दिली. आम्ही समोरासमोर बसलो आणि वहिनीच्या तब्येतीबद्दल बोललो.

१७ मार्च

म्हातारा गेला.

अक्कांना त्याला वस्तीवर न्यायचं होतं. तिथेच त्याचे आईबाप आहेत, मातीत. सगळं गोदाम मागे निघालं. मी पण. फाटकापाशी दादा उभा होता. पाहणी पथक आत होतं, त्यांच्या गाड्या आत गेलेल्या दिसत होत्या. कुणालाही आत सोडायचं नाही असा आदेश.

अक्का त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“टोपीवाले, तो नोंदवून घेतलेला नाही. पण आता तो राहायला चाललेला नाही.”

दादाने मान हलवली. नाही.

कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. माणसं वळली. म्हाताऱ्याला गोदामामागच्या पडीक जागेत पुरलं. जमीन कडक होती, खणायला फार वेळ लागला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा दादा अजून तिथेच, तसाच उभा.

त्याच्याशी मी बोलणार नाही.

२० मार्च

पथक खूश होऊन गेलं. अहवालात म्हटलंय, मानवी हस्तक्षेप आढळला नाही.

२ एप्रिल

म्हाताऱ्याची बातमी छापून आली, म्हणून चौकशी समिती बसली. मी आपण होऊन साक्ष द्यायला नाव दिलं.

साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. परदेशातल्या कचेरीत एक जागा आहे, मला हवी होती तीच. तुझ्यासाठी शब्द टाकलाय, म्हणाले. साक्षीबद्दल अक्षर नाही. मग चहा मागवला. या माणसाकडून मी सगळं शिकले. त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

जागा नको म्हणून सांगितलं.

५ एप्रिल

वहिनी घरी आली. एवढ्या लांब, एकटी. मी साक्ष दिली तर बळी दादाचाच जाईल, साहेबांचा नाही, हे तिचं म्हणणं. खोटं कुठे आहे त्यात? दादा रोज चौकीवर जातो, घरी येऊन बूटसुद्धा न काढता बसून राहतो. तुम्ही सख्खी बहीण ना, म्हणाली.

मी तिला जेवू घातलं. स्टँडवर सोडताना तिने माझा हात धरला आणि लगेच सोडला.

९ एप्रिल

साक्ष दिली.

खोली छोटी, खिडक्या बंद, निवृत्त न्यायाधीश मधे बसलेले. मी सांगितलं सगळं. शब्द मी घातला. एकाही माणसाची नोंद नाही हे तेव्हा माहीत होतं. आधी नोंदणी, मगच अंमल, असं ठरलं होतं. दादाचं नाव घेतलं नाही. आदेश वरून आला एवढंच म्हटलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “आधी नोंदणी, हे ठरल्याचं लेखी काही आहे?”

नाही म्हटलं.

“मग मी काय लिहून घेऊ, बाई?”

माणूस वाईट वाटला नाही. पेन हातात धरून खरंच वाट बघत होता.

२४ एप्रिल

निकाल. कारवाई कराराला धरून झाली. मृत्यू वृद्धापकाळाने. वनाधिकाऱ्याने संयम दाखवला म्हणून त्याचं कौतुक केलंय. कौतुक!

माझी बदली अभिलेखागारात.

अक्कांना सांगायला फोन केला. गोदामात एकाकडेच फोन आहे, त्याने त्यांना दिला. त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, इथे बसून भुसा खायचा तर आम्ही आत जाऊन मरू. मी म्हटलं, अक्का, घाई करू नका, फाटकावर आता बंदूकवाले पण ठेवलेत. त्या म्हणाल्या, तू तुझं काम बघ पोरी. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

२६ एप्रिल

सकाळी वहिनीचा फोन. रडत होती, पण तिला सगळं नीट सांगायचं होतं, म्हणून मधे मधे थांबत होती.

काल अक्का सगळ्यांना घेऊन फाटकावर गेल्या. बंदूकवाले पुढे झाले. दादाने त्यांना मागे घेतलं आणि कुलूप स्वतः काढलं. अक्कांना काहीतरी म्हणाला, ते कुणाला ऐकू आलं नाही. मग टोपी चौकीच्या टेबलावर ठेवली आणि त्यांच्याबरोबर आत चालत गेला.

अजून बाहेर आलेला नाही.