फुकटचा बेस

सर, आपण जिंकलो, आणि जिंकून देणारा रन बॅट न हलवता मिळाला. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण तुम्हाला ते आवडणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "हे काय जिंकणं झालं, चालत?" हो सर, चालत. तलासरीच्या मुलींनी डहाणूच्या मैदानावर जिल्ह्याची फायनल चालत जिंकली. जिल्हा म्हणजे आता ठाणे नव्हे. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, २०१४ साली, आपला पालघर वेगळा झाला. फायनलसाठी ठाण्यापर्यंत धक्के खात जावं लागत नाही. आपण सॉफ्टबॉल खेळायचो, या मुली बेसबॉल खेळतात. चेंडू लहान झाला आहे, तुमचं-माझं भांडण तेवढंच आहे.

ते भांडण माझ्या दहावीतलं. तुम्ही विसरला असाल असं मला वाटत नाही. ठाण्याची फायनल, बरोबरी, तिन्ही बेसवर आपली पोरं आणि बॅट माझ्या हातात. तीन चेंडू बाहेरचे गेलेले, दोन चांगले. आणखी एक बाहेर गेला असता तर नियमाने मला पहिला बेस चालत मिळाला असता, प्रत्येक जण एकेक बेस पुढे सरकला असता आणि तिसऱ्यावरचा आपसूक घरी येऊन रन झाला असता. तुम्ही अशा बेसला कधी बेस म्हटलं नाही. "जा, फुकट मिळाला," म्हणायचात, आणि तोंड असं करायचात की जाणाऱ्याने मान खाली घालावी. त्या दिवशी तुम्ही डोक्यावरची पांढरी टोपी काढलीत आणि पुन्हा घातलीत. टोपी काढली की मारायचं, काहीही होवो, ही आपली खूण. मी ती पाहिली. चेंडूही पाहिला. तो बाहेर होता सर, चार बोटं बाहेर, आणि आज मी पन्नाशीला आलो तरी एक बोटसुद्धा कमी करणार नाही. मी मारलं नाही. अंपायरने चांगला दिला. तिसरा चांगला, म्हणजे मी आउट, आणि पुढच्या डावात आपण हरलो.

परतीच्या एस.टी.त तुम्ही पालघर येईपर्यंत बोलला नाहीत. मग सगळ्यांसमोर विचारलंत, "तुला बॅट दिली होती की छत्री?" अख्खी गाडी हसली. कंडक्टरही हसला. एकच जण हसला नाही, आपला तिसऱ्या बेसवरचा, जो घरी यायला वाकून तयार होता आणि तसाच वाकलेला राहिला. त्याने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. आणि तुम्ही शिक्षा दिलीत. नरपडच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली, ओल्या वाळूवर, मला बॅटशिवाय उभं केलंत. तुम्ही चेंडू टाकायचा आणि मी तो हातातून सुटताक्षणीच ओरडायचं, आत की बाहेर. चुकलं की किनाऱ्याला एक फेरी. दिवाळीच्या सुट्टीत रोज. मासे वाळवणाऱ्या बाया हात थांबवून बघायच्या. एकीने तुम्हाला विचारलंही होतं, "मास्तर, पोऱ्याला बॅट घ्यायला पैसे नाय काय?" तुम्हाला मला लाजवायचं होतं. सर, सुट्टी संपेपर्यंत माझं चुकणं थांबलं होतं. तुम्ही ते बघितलंत आणि एका शब्दाने बोलला नाहीत. मीही नाही. दोघेही हट्टी.

मग वडिलांनी माझी शाळा सोडवली आणि चिंचणीला डायच्या कामाला बसवलं. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची, त्यावर सोन्याचा पत्रा ठोकला की सुलटी उमटते. केसाएवढी चूक झाली तर प्रत्येक बांगडीवर तीच चूक. तुम्ही सायकलवरून आलात, कारखान्याच्या दारात उभे राहिलात आणि नियमांचं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलंत. म्हणालात, "शाळा सुटली ती सुटली, हे सोडू नकोस." मी सोडलं नाही. डिक्शनरी शेजारी ठेवून ते वाचलं, इंग्रजी त्यातूनच शिकलो, म्हणून आजही मला बाजारात भाव करायचं इंग्रजी येत नाही पण अंपायरशी भांडायचं येतं. पुढे मोबाईलवर इंटरनेट स्वस्त झालं आणि मी सकाळी कामाला बसण्याआधी अमेरिकेतले सामने बघू लागलो. तेव्हा कळलं की तिकडे आपलंच भांडण चाललं आहे, आणि मोठमोठे शिकलेले लोक माझ्या बाजूने बोलत आहेत.

ते काय म्हणतात, ते तुम्हाला समजेल असं सांगतो. बॅटर किती लांब मारतो हे बघू नका, किती वेळा बेसवर पोचतो ते बघा. मारून पोचो, चालत पोचो, अंगाला चेंडू लागून पोचो. डावाला तीनच आउट असतात, ते उधळू नका. आणि तुमची ती लाडकी चाल, एक पोरगा पहिल्या बेसवर पोचला की दुसऱ्याने बॅट आडवी धरून चेंडू टेकवायचा, स्वतः आउट व्हायचं आणि त्याला पुढे ढकलायचं, तिचा हिशोब त्यांनी वर्षानुवर्षांच्या सामन्यांवरून मांडून ठेवला आहे. बहुतेक वेळा ती तोट्याची निघते सर. आपण तिला बळी म्हणायचो आणि बळी जाणाऱ्याच्या पाठीवर तुमची थाप पडायची. मला ती थाप फार हवीशी वाटायची, म्हणून सांगतो, मी राग धरून बोलत नाही. पण माझ्या संघात मी बळी बंद केला.

माझा संघ म्हणजे तलासरीजवळच्या एका शाळेच्या मुली. शनिवारी दुपारी काम उरकून मी डहाणूहून बस पकडतो, पगार नाही, कुणी बोलावलंही नव्हतं. मुलींचे हात डोंगरातल्या कामाने घडलेले, दगड फेकून झाडावरचा आंबा पाडणारे. त्यांना फेकायला शिकवावं लागलं नाही. मी त्यांना न मारायला शिकवलं. पहिला पंधरवडा बॅटच दिली नाही. नुसतं उभं राहायचं आणि ओरडायचं, आत, बाहेर. हो, तेच. तुम्ही शिक्षा म्हणून दिलंत, मी त्याचा धडा केला.

मुख्याध्यापिका बाईंना हे काही पटेना. "पालक विचारतात, सर पोरींना नुसतं उभं का करतात?" मी म्हटलं, "बाई, उभं राहणंच अवघड आहे." त्या म्हणाल्या, "अवघड असेल, पण गेली दोन वर्षं तुम्ही जिल्ह्यातच हरताय. यंदा पुढे गेला नाहीत तर किट कपाटात जाईल, मुली मी कबड्डीला देणार." बाई वाईट नाहीत. कबड्डीला किट लागत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पण मला ते कपाट दिसू लागलं. त्यात एक मोडका हार्मोनियम आहे आणि मागच्या कोणत्या तरी सरांचं बुद्धिबळ.

याच भांडणावर अमेरिकेत सिनेमेही काढतात. मी बरेच बघितले आणि सांगतो, सगळे खोटं बोलतात, दोन्ही बाजूंचे. एका जातीच्या सिनेमात आकडेवाला हुशार आणि जुने कोच सगळे मठ्ठ. दुसऱ्या जातीत म्हातारा कोच देवमाणूस, नुसतं आभाळाकडे बघून सगळं ओळखतो, आणि संगणकवाला तोंडघशी पडतो. तुम्ही मठ्ठ नव्हता आणि देवमाणूस तर अजिबात नव्हता. तरी एका शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून मी मुलींना पहिल्या जातीतला एक दाखवला, बाजूला उभा राहून मराठीत सांगत. अर्ध्या तासाने एक म्हणाली, "सर, यात खेळ कधी येल? ही माणसं नुसती ऑफिसात बोलतात." शेवटच्या प्रसंगाला दुसरी म्हणाली, "आता हा लांब मारणार." मी विचारलं, तुला कसं कळलं? "गाणं मोठं झालं ना."

सगळ्यात मागे एक बारीकशी मुलगी बसली होती, वर्गातसुद्धा हजेरीपुरती बोलणारी. मारायला कच्ची, चेंडू तिच्या बॅटवरून फार लांब जात नाही. पण माझ्या हिशोबात सगळ्यांत जास्त वेळा बेसवर पोचणारी तीच. तिने विचारलं, "त्या म्हाताऱ्या सरांना काढला, मग ते घरी जाऊन काय करतात?" मी म्हटलं, ते सिनेमात नाही. "का नाय?" मी म्हटलं, "कारण सिनेमा दुसऱ्याचा आहे." तिला ते उत्तर पटलं नाही. मलाही नाही. घरी परतताना बसमध्ये मला तुमची सायकल आठवत होती.

आता फायनल. गेल्या डिसेंबरातली, म्हणजे २०१८ची. समोर डहाणूच्या एका शाळेचा संघ, आणि त्यांचा कोच कोण, तर आपला तिसऱ्या बेसवरचा. केस पिकलेत, पोट सुटलंय, खेळ मात्र जसाच्या तसा तुमचा. एक पोचली की दुसरी बळी. प्रत्येक बळीला पाठीवर थाप. मला बघून म्हणाला, "काय रे छत्री, अजून उभंच राहायला शिकवतोस?" मी म्हटलं, "तू अजून वाकूनच उभा आहेस." सामना मात्र तोडीस तोड झाला. शेवटच्या डावात बरोबरी, आमची बॅटिंग, दोन आउट, आणि तिन्ही बेस भरलेले. बॅट घेऊन निघाली ती बारीक मुलगी. सर, मी देव मानतो न मानतो, पण त्या वेळी कुणीतरी माझी थट्टा करत होतं एवढं नक्की.

पहिले तीन चेंडू बाहेर. ती ढिम्म. मग समोरच्या कोचने ओळखलं. तो ओरडून बॉलरला म्हणाला, "ही मारत नाही गं, सरळ मधे टाक." एक मधे आला, ती थांबली. दुसरा कडेला घासून आला, तिने सोडला, अंपायरने चांगला दिला. तीन आणि दोन. मैदानाच्या कडेला चिकूवाले, दुकानदार, पोरंटोरं, सगळे ओरडायला लागले. एक गुजराती शेठ आमच्यात घुसून, "अरे मार ने, छोकरी, मार ने." बाई माझ्या शेजारी, पदर मुठीत, कपाटाची चावी जणू हातातच. मी उभा आहे. माझा सगळा हिशोब सांगतो की तिला एकटीला सोड. तिला दिसतं. आणि मला दिसतंय की आता चेंडू बरोबर मधे येणार. मी टोपी काढतो. पुन्हा घालतो. मुलींना या खुणेचा अर्थ माहीत नाही, मी त्यांना ती कधी शिकवलीच नाही. चेंडू येतो. बाहेर. चार बोटं नाही, चांगला हातभर बाहेर. सगळं मैदान म्हणतं मार, आणि ती बॅट खांद्यावर ठेवून त्याला जाताना बघते, रस्त्याने ओळखीचं माणूस जावं तसं. अंपायरचा हात वर होत नाही. ती बॅट खाली ठेवते आणि पहिल्या बेसकडे चालायला लागते. पळत नाही. तिसऱ्यावरची घरी येते. सर, कुठल्याही सिनेमाचा शेवट कुणी असा करणार नाही, गाणंसुद्धा सुचायचं नाही त्याला. आमच्याकडे ढोल होता, तो वाजवणाऱ्याला जिंकलो हे कळायलाच वेळ लागला.

विवळवेढ्याला बाईंनी बस थांबवली, महालक्ष्मीला नारळ फोडला आणि मला म्हणाल्या, "विभागाला जायला नवीन बॅटी लागतील ना?" बस. किटचा विषय संपला. तलासरीच्या स्टँडवर त्या मुलीची आई घ्यायला आली होती. तिने विचारलं, "किती मारलास?" मुलगी म्हणाली, "एक पण नाय. शेवटचा चांगला असता तर मारला असता." आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ताई, तिनेच जिंकलं." तेव्हापासून आमच्या संघात त्या बेसला फुकट म्हणत नाहीत, कमावलेला म्हणतात. मी जिथे जातो तिथे हेच सांगतो. शाळेच्या सत्काराला सांगितलं, डायच्या कारखान्यात सांगितलं, बायकोला इतक्यांदा सांगितलं की ती आता शेवटचा चेंडू मलाच टाकून दाखवते.

एक गोष्ट तेवढी सांगत नाही. त्या दिवशी बस सुटण्याआधी तो तिसऱ्या बेसवरचा चहाचे दोन ग्लास घेऊन आला होता. म्हणाला, "मानलं तुला. तीस वर्षं ठेवून वापरलीस ना ती?" मी विचारलं, काय? "सरांची टोपी. तू काढलीस आणि मला वाटलं, आता ही मारणार. मग मधे कशाला टाकायचा? मी पोरीला खूण केली, बाहेर टाक, ही आंधळेपणाने फिरवेल. नाहीतर मधेच येत होता तो. गंडवलंस लेका मला." ती खूण ओळखणारी त्या मैदानावर दोनच माणसं होती, सर, आणि एक समोरच्या बाकावर बसलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नुसता हसलो आणि त्याचा चहा प्यायलो. तो आजही सगळ्यांना सांगतो की मी त्याला डोक्याने हरवलं, आणि मी ते खोडत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, तुम्ही दिलेल्या नियमांच्या पुस्तकातच ठेवून देणार आहे. म्हणून लिहितो. मी त्याला गंडवलं नव्हतं. आकडेही आठवत नव्हते. मी घाबरलो होतो सर, आणि हात तुमचा निघाला.