हसऱ्या चेहऱ्यांची कार्डं

डॉ. सदफ मॅडम,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय, पण धाडवत नाही.

लातूरच्या मीटिंगमध्ये तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या गावाचं कौतुक केलंत. नव्या लसीच्या चाचणीसाठी मी जमवलेल्या चाळीस बायका, अन् एकीलाही ताप नाही!

आज कावेरीबाईकडं गेले, तर ती वाकळ पांघरून कण्हत होती. अंग तव्यासारखं तापलेलं. लिहिता न येणाऱ्यांनी लसीनंतर रोजची तब्येत कळवावी म्हणून तुम्ही चेहऱ्यांची कार्डं केलीत ना, त्यांवर तिनं आजही हसऱ्या चेहऱ्यावरच खूण केली होती.

"काकू, हे काय?"

"रडक्यावर केली तर तुला बोल लागंल. तू गावची लेक हायस. आम्ही समद्यांनी ठरवलंय."

समद्यांनी! मॅडम, नावं लिहून घेताना "माझी लाज राखा" असं दारोदार मीच म्हणाले होते.

काकूला लगेच दवाखान्यात नेलं. आता बरी आहे.

घरी येऊन आईला विचारलं, तुला ताप आला होता का? तिचंही कार्ड आहे. ती नुसती हसली. अगदी कार्डावरल्या चित्रासारखी.

जिची हिंमत होईना ती,
राजकन्या, रेणापूर