आपल्या बोडीचं नाव

देहरादून

चि. उमेंद्र यास भांडकुदळ ताईचे आशीर्वाद.

तुझ्या उर्वशीसाठी नकाशाशास्त्राची संस्था स्वतः पाहून आले. मुलींचं वसतिगृह स्वच्छ आहे, वरण मात्र पाणचट. शिकलेल्यांना वनखात्यात, पाटबंधाऱ्यांच्या कामावर, ड्रोनच्या कंपन्यांत नोकऱ्या मिळतात. फुकटचे धडे मोबाइलवरही आहेत. ते तिला आजच सुरू करू दे.

"नकाशे काढून पोरगी का करन?" म्हणालास ना? कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला नकाशे फक्त रंगवायला द्यायच्या. काढतं कोण, असं विचारलं म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

काल इथल्या मॅडमनी पडद्यावर आपलं गाव कामठा दाखवलं. मी जणू ढगावर बसून हळूहळू खाली उतरत होते. धानाच्या बांध्या, आपली कौलं, आणि मागे आईने खणवलेली बोडी, ते छोटं तळं, नखाएवढं, चमकणारं. तिच्यावर नाव नव्हतं.

"गावातल्या कुणी सांगितलं तर लिहू," मॅडम म्हणाल्या.

नाव जिभेवर आलं होतं, पण मी ते उर्वशीसाठी राखून ठेवलं.

आईच्या मोतीबिंदूचं काय झालं? डॉक्टरकडे नेलंस का? तिला दिसतं आहे तोवर तिच्या नावाने 'रामकलीची बोडी' असं तिच्या नातीनेच नकाशावर लिहावं.

पोरीला पाठव.

तुझी,
योगेश्वरीताई