वळणावर अडकलेला पलंग

रविवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ८
बायकोला आज जमिनीवरच्या गादीवरून उठायला सहा मिनिटं लागली. घड्याळ लावून पाहिलं. मी हात दिला असता, पण डॉक्टरांनी सांगितलंय, जोर तिचा तिनेच लावायचा. (सांगितलं असावं. मी तेव्हा खाली गाडी लावत होतो.) गुडघ्यांसाठी उंच पलंग हवा, एवढं मात्र नक्की सांगितलंय. ठरलं. आजच बघतो.

दुपारी २
बघितला. पसंतही केला. आमचे मॅनेजर रिटायर होऊन लहान घरात चाललेत, त्यांचा. सागवानी, एकसंध, सहा बाय पाच. चार जाड पाय, उशाला उंच फळी, कोपऱ्यांवर लाकडी फुलं. बायको म्हणाली, सुटा होणारा घेऊ या, आपला जिना अरुंद आहे. सुटा होणारा पलंग म्हणजे फर्निचर नव्हे, खेळणं, असं मी तिला समजावलं. सव्वीस वर्षं डिस्पॅच सेक्शन चालवतोय. सामान कसं हलवायचं हे मला घरात शिकवू नये.

सोमवार, ५ फेब्रुवारी
जिना मोजला. टेप सापडली नाही म्हणून वितीने. माझी वीत बरोबर नऊ इंच. जिना साडेचार विती भरला. ऐसपैस. कठड्याला हात लावावा लागला. चिकट. किती वर्षांचे किती हात. शी. घरी येऊन दोनदा साबण लावला.

शनिवार, १० फेब्रुवारी. दुपारी १२
टेम्पो आला. सोबत दोन हमाल. त्यांनी जिना बघितला, मग पलंग, मग मला. दुसऱ्या मजल्यावर जाणार नाही म्हणाले आणि तळमजल्याच्या बोळातच ठेवून निघून गेले. माणसाला हल्ली कामाची लाज वाटत नाही.
पलंग आडवा केल्यावर खालची बाजू दिसली. जाळी, झुरळांची अंडी, आणि फटीत नखं. माणसाची. मॅनेजर साहेब एकोणीस वर्षं त्या पलंगावर बसून नखं कापत होते असं दिसतं. त्यांच्याबद्दल जो काही आदर होता तो आज गेला.
उद्या स्वतः वर नेणार.

रविवार, ११ फेब्रुवारी. सकाळी ११
मेहुणा आला. सोबत जिममधला मित्र. मित्राला घामाचा आणि गोड पावडरीचा एकत्र वास. दोघांनी खालून ढकलायचं, मी वरून दिशा द्यायची, असं ठरवलं. कुणीतरी डोकं वापरायला हवंच.
पहिला मजला सहज गाठला. तिथे राहणाऱ्या बाई दार उघडून उभ्या होत्या. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे विचारल्याशिवाय राहवत नाही. मोजलं होतं का म्हणाल्या. हो म्हटलं. कशाने म्हणाल्या. मी उत्तर दिलं नाही, कारण त्या वेळी मी दिशा देत होतो.

दुपारी १
पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर पलंगाचे दोन पाय कठड्याच्या गजांत गेले, उशाची फळी छताला टेकली. मी म्हटलं, एकदा जोरात. त्यांनी जोरात ढकललं. कर्रकन आवाज झाला. आता वरही जात नाही, खालीही येत नाही. मित्राच्या बोटाची साल निघाली, ती पलंगाला चिकटून राहिली आहे. बघवत नाही.
मी वर. बायको, मेहुणा, बाई, सगळं जग खाली. मध्ये पलंग. फटीतून मांजर जाईल, माणूस नाही. मेहुण्याने विचारलं, आता काय. लाकडाला जरा स्थिरावू द्या म्हटलं. तो जेवायला घरी गेला.
बायको तूर्त बाईंकडे राहील. एखाद्या दिवसाचा प्रश्न आहे.

सोमवार, १२ फेब्रुवारी. सकाळी १०
ऑफिसला कळवलं की इमारतीत अडचण आहे. क्लार्कने विचारलं, पलंग का. मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.
बायकोने फटीतून ब्रेड आणि दोन उकडलेली अंडी दिली. एक अंडं वर नेताना हातातून निसटलं आणि चार पायऱ्या घरंगळून कोपऱ्यातल्या धुळीत गेलं. तिथे केसांचा गुंता होता. अंडं नळाखाली धुतलं आणि खाल्लं. ही वेळ माझ्यावर कुणी आणली, याचा विचार करतोय. हमालांनी.
बाईंकडे लोखंडी खाट आहे म्हणे, उंच. बायको म्हणाली, आज एका झटक्यात उठले. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असणार. बिचारी.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
विचार केल्यावर लक्षात आलं, दोष पलंगाचा नाही, कठड्याचा आहे. स्क्रू काढले आणि कठडा उतरवला. मागे जे काही साचलं होतं त्याचं वर्णन इथे करत नाही. पलंग अर्धा फूट सरकला. दुर्दैवाने आणखी घट्ट बसला. पण सरकला, हे महत्त्वाचं.
बाईंनी फटीतून विचारलं, कठडा नाही तर तुमची बायको जिना चढणार कशी. प्रश्न चांगला होता. वेळ चुकीची होती.

बुधवार, १४ फेब्रुवारी. सकाळी ९
माळ्यावर करवत सापडली. गंजलेली. एकच पाय कापायचा. नंतर चिकटवता येतो.

दुपारी १
एक पाय कापला. आता भार दुसऱ्या पायावर आला आहे. तोही काढावा लागेल.

संध्याकाळी ६
तीन झाले. चौथा ठेवला असता, पण तीन आखूड आणि एक लांब असा पलंग कुणाच्या घरात शोभत नाही. चौथाही काढला. पलंग हललेला नाही. मात्र दिसायला खूप सुटसुटीत झालाय.
चहात भुसा. डोळ्यांत भुसा. दाढीत भुसा.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
तळहातांवर फोड. एक फुटला. कंबर धरली आहे. खाली वाकता येत नाही म्हणून अंघोळ नाही. दोन दिवस तोच शर्ट. घरात कसलातरी वास येतोय, बहुतेक मोरीतून.
बायकोने मला न विचारता सुताराला फोन केला. फटीतून तसं सांगितलंही, अगदी शांतपणे. एवढ्या वर्षांच्या संसारात माणसावर इतका अविश्वास. उशी घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी. सकाळी ११
सुतार आला. म्हातारा, अंगाने किडकिडीत, सरसाचा वास. खालच्या बाजूने आला, पलंगाभोवती हात फिरवला. मग उशाच्या कोपऱ्यातलं एक लाकडी फूल नखाने उचकटलं. खाली बोल्ट. पाना लावला. प्रत्येक फुलाखाली एक, असे आठ बोल्ट. बारा मिनिटांत पलंगाच्या पाच फळ्या झाल्या.
मी ती फुलं नक्षी समजलो होतो. कुणीही समजलं असतं.
पाच दिवसांनी जिना मोकळा झाला. सुताराने कापलेले चार पाय गोळा करून एका पायरीवर ओळीने मांडले आणि विचारलं, “हे कुणी केलं?”
हमालांनी, असं मी म्हटलं. बाई दारात उभ्या होत्या. चष्मा काढून पुसला आणि परत लावून माझ्याकडे बघत राहिल्या. पस्तीस वर्षं शाळेत काय दहशत असेल याची कल्पना आली.

दुपारी ४
सुताराने कठडा परत बसवला, फळ्या वर नेऊन बेडरूममध्ये जोडल्या. पलंग झकास दिसतो. उंची साधारण एक वीत. सुतार म्हणाला, नवे पाय करून देतो पण पंधरा दिवस लागतील, तोवर खाली विटा ठेवा. विटा गोदामात, माझ्या बेडरूममध्ये नाही. शिवाय नव्या घरांमधून बुटक्या पलंगांचीच फॅशन आहे, हे त्याला ठाऊक नसावं.
बायको वर आली. कठडा धरत, थांबत. पलंगाकडे बघितलं. म्हटलं, बस तर खरी. ती बसायला लागली. बसणं बराच वेळ चाललं. शेवटी टेकली तेव्हा गुडघे हनुवटीशी आले होते. मी विचारलं, कसा वाटतो. तिने खिडकीकडे बघितलं, मग सुताराकडे, मग माझ्याकडे.
“आता मला उठवा,” म्हणाली.
मी एका बाजूने आणि सुतार दुसऱ्या बाजूने. तिसऱ्या खेपेला उठली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, मला बोलता आलं असतं. कपाटातून चार कपडे, तिची औषधं आणि शेकायची पिशवी घेतली, आणि खाली बाईंकडे गेली. जाताना दार हळू लावलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी. संध्याकाळी ५
घरात शांतता. एकटा आहे म्हणून पलंगावर आडवा-तिडवा पसरता येतं. पलंगाला अजून मॅनेजर साहेबांचा वास येतो. तेलाचा, बहुतेक डोक्याच्या. चादर बदलली तरी येतो.
खालून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. कशावर हसत असतील ते कळलं नाही. दोनदा जिन्यात जाऊन उभा राहिलो, तरी नाही कळलं.
उद्या सकाळी लवकर उठून खाली जाणार आणि तिला घेऊन येणार. नीट समजावलं की ती ऐकते.

रविवार, १८ फेब्रुवारी. दुपारी १२
सकाळी सातला जाग आली. उठता आलं नाही. कंबर गच्च. आधार धरायला पलंगाजवळ काही नाही. नऊ वीसपर्यंत छताकडे बघत होतो. छताला ओल आहे, हिरवट, मध्ये काळी बुरशी. इतक्या वर्षांत बघितली नव्हती. शेवटी बायकोला फोन केला.
दोघी वर आल्या. बायकोने एक हात धरला, बाईंनी दुसरा. माझ्या अंगावर अजून बुधवारचाच शर्ट होता. बाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि पदर नाकाला लावला. ते मी पाहिलं. त्यांनी हात मात्र सोडला नाही.
उभा राहिलो. बायकोनेच शर्टाची बटणं काढून दिली आणि अंघोळीचं पाणी लावलं. पाणी तापेपर्यंत मी सुताराला फोन केला. कोण बोलतंय, त्याने विचारलं. नाव सांगितलं, त्याला आठवेना. मग पलंगवाला म्हटलं. हां हां, म्हणाला.
पंधरा दिवस लागतील. तोवर बाईंच्या हॉलमध्ये हाताची खुर्ची आहे, तीत झोपायचं ठरवलंय. निर्णय माझाच. कमरेला चांगलं असतं म्हणतात. बायको आतल्या खोलीत, खाटेवर. वर आमच्या बेडरूममध्ये पलंग एकटाच आहे.
पण दुसऱ्या मजल्यावर पोचला, हे कुणालाही मान्य करावंच लागेल.